क्रियापदाची खुर्ची

ताईंचं क्रियापद मी मोडलं. मुद्दाम नाही, झोपेत मोडलं. पण ताईंसमोर ही सबब टिकली नाही. "'झोपेत' हे काढून टाकलं तरी वाक्य उभं राहतं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "म्हणा, 'मी मोडलं.'"

मी म्हटलं. सलूनच्या खुर्चीत उताणा पडून, पाय छताकडे, डोकं जमिनीकडे आणि हातात खुर्चीचा निखळलेला दांडा, अशा अवस्थेत माणूस दुसरं काय म्हणणार?

पण हे असं मधूनच सुरू केलेलं ताईंना चालत नाही. आधी कर्ता येऊ द्या.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. बायकोला त्यांनीच लहानाचं मोठं केलं, म्हणून नात्याने मेव्हणी असल्या तरी हुद्द्याने त्या माझ्या सासूबाईच, आणि मी जावईबापू. जन्मभर त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांत झाडं लावतात, गुडघ्यांना तेल लावतात. ताईंनी संध्याकाळचा वर्ग लावला. कामाधंद्यासाठी बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना आपली भाषा शिकवायची. लाँड्रीच्या वरची एक खोली नगरपालिकेच्या कचेरीने त्यांना वापरायला दिली. खाली दिवसभर इस्त्र्या चालतात आणि त्यांची वाफ फळ्यांच्या फटींतून वर येते. त्या खोलीत शिरलं की माणूस आपोआप मऊ पडतो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात असं ताई म्हणतात. माझ्या गेल्या नाहीत.

खोलीत फळा आहे, पण त्याला ताई फारसं विचारत नाहीत. त्यांचं व्याकरण खुर्च्यांवर चालतं. ओळीने खुर्च्या मांडलेल्या आणि प्रत्येकीवर वाक्यातला एकेक मानकरी. पहिली, ताठ पाठीची लाकडी खुर्ची कर्त्याची. तिच्यावर बसलं की गरीब माणूससुद्धा उगाच घसा खाकरतो. तिच्या शेजारी कर्माची खुर्ची, ठेंगणी, एका पायाने डुगडुगणारी. जे काही व्हायचं ते तिच्यावर व्हायचं. विशेषणाला भरतकामाची गादी, कारण त्याचं कामच नटवण्याचं. अव्ययाला खिडकीजवळचं स्टूल. वाक्यात कितीही उलथापालथ होवो, अव्यय जसं होतं तसं राहतं. अधूनमधून मी वर्गात डोकावलो की ताई मला हटकून त्या स्टुलावर बसवत. "तुम्ही अव्यय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. "जगात काहीही होवो, तुमच्यात काडीचा फरक पडत नाही." बायकोला हे इतकं पटलं की त्या आठवड्यात घरात मला दुसरं नावच नव्हतं. "अव्यय, दूध उतू जातंय."

आणि ओळीत सगळ्यात शेवटी, दाराजवळ, क्रियापद.

क्रियापदाला ताईंनी सलूनची खुर्ची दिली होती. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने दुकानात नवी खुर्ची आणली तेव्हा ही जुनी तो भंगारात घालणार होता. ताईंनी ती फिरवून बघितली, मागे कलवून बघितली, पुढे झुकवून बघितली आणि भर सलूनमध्ये त्यांचे डोळे भरून आले. सलूनवाला घाबरला. त्याला वाटलं, कुणाची तरी आठवण झाली. आठवण झाली होती, पण ती काळांची. आयुष्यभर त्या खडूने जे सांगत आल्या ते ही खुर्ची एका दांड्यानिशी सांगत होती. पाठ सरळ, म्हणजे वर्तमानकाळ. दांडा ओढून मागे रेललं की भूतकाळ. पुढे झुकवलं की भविष्यकाळ. वर ती गरागरा फिरायची, हे तर सोन्याहून पिवळं.

"क्रियापदाने तोंड उघडण्याआधी मान वळवून बघायचं," ताई सांगत. "कर्ता बाई आहे की बाप्या, एकटा आहे की चौघं, हे बघितल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. पण भूतकाळात कुणी काही खाल्लं, फोडलं, टोचलं, की बघा गंमत! हेच क्रियापद कर्त्याकडे पाठ फिरवतं आणि कर्माच्या गळ्यात गळा घालतं."

मग खुर्चीतला विद्यार्थी दांडा ओढायचा, धाडकन मागे रेलायचा, गर्रकन कर्माकडे वळायचा आणि ओरडायचा, "टोचली!" ठेंगण्या खुर्चीत 'सुई' होऊन बसलेला बेकरीवाला दर वेळी दचकायचा.

हा बेकरीवाला ताईंचा लाडका विद्यार्थी. देहाने आणि स्वभावाने ताज्या पावासारखा. बोट लावलं की आत जातं आणि हळूच वर येतं. दुसरा क्रेनवाला, उंच इमारतींच्या कामावर आभाळात बसून लोखंड उचलणारा. खाली जमिनीवर तो फार बुजायचा. तिसऱ्या नर्सबाई, इस्पितळातून थेट वर्गात येणाऱ्या, हातात कायम काहीतरी पुसायचा कापूस. आणि चौथे आजोबा. ते मुलाकडे राहायला आले होते. नात इथलीच भाषा बोलायची आणि आजोबांना ती येत नव्हती. पहिल्या दिवशी ताईंनी विचारलं, तुम्हाला कशासाठी शिकायचंय? आजोबांनी हातवारे करून, घाम गाळून एवढंच सांगितलं, की मला नातीला रागवता आलं पाहिजे.

ही मंडळी भाषा शिकली, पण खुर्चीसकट शिकली. इथेच सगळा घोळ होता. काळ त्यांच्या जिभेत कमी आणि कमरेत जास्त शिरला. "काल केक संपले" हे सांगताना बेकरीवाला दुकानात असा मागे रेलायचा की पाठीमागची बिस्किटांची बरणी दोनदा फुटली. नर्सबाई "उद्या टाके काढीन" म्हणताना रुग्णावर इतक्या झुकायच्या की तो आजच बरा झाल्याचं कबूल करायचा. क्रेनवाल्याने एकदा वायरलेसवर "मी तुळई उचलली" असं कळवताना सवयीने अख्खी क्रेन तुळईकडे वळवली. मुकादम खाली आडवा झाला म्हणून वाचला. तक्रार घेऊन तो ताईंकडे आला, तर ताई म्हणाल्या, "पण वाक्य बरोबर होतं ना?"

ताईंचं घरचं वळणही हेच. अर्धं वाक्य त्यांच्या उंबऱ्यात पाऊल ठेवू शकत नाही. मी त्यांच्याकडे गेलो आणि "चहा?" असा माझ्या तोंडून प्रश्न गेला, की त्या चष्म्यावरून बघत बसतात. "चहाचं काय? चहा वारला?" मग मी, "ताई, आपण चहा घेऊ या का?" असं म्हणतो, तेव्हा कुठे आधण चढतं. गंमत म्हणजे ताईंचे यजमान तारखात्यात होते. शब्द वाचवणं हीच ज्याची नोकरी, असा माणूस, आणि बायको पूर्ण वाक्याशिवाय पाणी न देणारी! ते दारातून "भूक" एवढंच म्हणत आणि ताई उरलेल्या शब्दांची वाट बघत उभ्या राहत. दोघांनी हा खेळ अखेरपर्यंत खेळला. त्यांच्या शेवटच्या आजारात मात्र ते नुसतं "पाणी" म्हणाले की ताई भांडं घेऊन धावायच्या. याबद्दल ताई स्वतः कधी बोलत नाहीत. मला बायकोने सांगितलं, तेही भांडी घासता घासता.

तर, कचेरीतून निरोप आला. वर्ग बघायला साहेब येणार. शिकवणं कामाचं वाटलं तर ठीक, नाहीतर ती खोली कचेरीची जुनी कपाटं ठेवायला घेणार.

ताईंनी निरोप ऐकला आणि त्या खोलीच्या खिडक्या पुसायला लागल्या. बायको मात्र रात्रीच्या जेवणाआधीच निर्णयाला पोचली होती.

"वर्ग बंद झाला तर ताई एकटी संध्याकाळभर काय करेल हो? मी सांगितलंय तिला, सरळ आमच्याकडे राहायला ये."

"अगं पण..."

"पूर्ण वाक्य बोला."

"आणि त्या इथे संध्याकाळी करतील काय?"

"शिकवेल की. तुम्ही आहातच रिकामे."

माझी पाचावर धारण बसली. मला माझ्या घरात आत्तापर्यंत अर्ध्या वाक्यांवर छान दिवस काढता येत होते. तेव्हा ताईंचा वर्ग वाचावा असं त्या सबंध गावात माझ्याइतकं मनापासून कुणाला वाटत नसेल. आणि अशा माणसाच्या हातून हे व्हावं!

साहेब यायच्या आदल्या दुपारी बायकोने ताईंसाठी डबा देऊन मला पाठवलं. ताई विद्यार्थ्यांना वेळेवर या असं सांगायला बाहेर पडल्या होत्या. खोली चकचकीत, खुर्च्या ओळीत, खालून इस्त्रीची गरम गरम वाफ. मी डबा कर्त्याच्या खुर्चीवर ठेवला आणि सवयीने स्टुलाकडे निघालो. मग मनात आलं, आज बघायला कोण आहे? एकदा तरी क्रियापद होऊन बघू. बसलो. काय सांगू, त्या खुर्चीत पाठीला जी जागा मिळते ती आमच्या घरातल्या एकाही खुर्चीत नाही. दांडा ओढला, भूतकाळात गेलो आणि तिथेच माझा डोळा लागला.

जाग आली ती जिन्यावर ताईंची पावलं वाजली म्हणून. दचकून मी वर्तमानात यायला बघितलं. दांडा हिसकला. आत काहीतरी कडकट्‌ बोललं आणि दांडा हातात आला. मी उलटलेल्या झुरळासारखा पाय हलवत राहिलो. तोवर ताई दारात.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

मला बाहेर काढल्यावर ताईंनी सलूनवाल्याला बोलावणं धाडलं. त्याने खुर्चीखाली डोकं घातलं, हुं हुं केलं आणि बाहेर येऊन हात झाडले. "आतली खिटी अडकलीय. जोराचा हिसका बसला तर सुटेल. नाहीतर खुर्चीच सुटेल."

"मग आता?" मी म्हणालो. ताईंनी बघितलं. "मग आता आपण काय करायचं, ताई?"

"दुसरी खुर्ची आणू या," बायको म्हणाली. माझ्या प्रतापाची बातमी ऐकून ती हातातलं काम टाकून आली होती, आणि माझ्याकडे अशी बघत होती की दांड्याऐवजी मीच तुटलो असतो तर बरं झालं असतं.

"खुर्ची बदलली तर ही चौघं आयत्या वेळी गोंधळतील," ताई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "क्रियापद भूतकाळात अडकलंय ना? मग उद्याचा सगळा तास भूतकाळात."

संध्याकाळी त्यांनी चौघांना तसं बजावलं. काही झालं तरी भूतकाळ सोडायचा नाही. आज नाही, उद्या नाही, फक्त काल. चौघांनी माना डोलावल्या. ताईंनी पेलाभर विष प्यायला सांगितलं असतं तरी त्यांनी आधी 'विष' हे कर्म आहे का एवढंच विचारलं असतं.

साहेब आले. बायकोही येऊन दाराशी उभी राहिली होती. मला वाटलं होतं, कुणीतरी खवीस असेल. पण हा मनुष्य मऊ आवाजाचा, काखेत पातळशी फाईल, आणि चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. शिवाय मनाचा फार हळवा निघाला. त्याने तर पंचाईत झाली.

खुर्च्यांची गंमत ऐकून न घेताच ते चौघांसमोर बसले आणि गोड आवाजात त्यांनी बेकरीवाल्याला विचारलं, "काय, तुम्ही काय काम करता?"

बेकरीवाल्याने ताईंकडे बघितलं, मागे रेलला आणि म्हणाला, "मी पाव भाजले."

"हो का? आणि सध्या?"

"मी पाव भाजले," बेकरीवाला आणखी मागे रेलला. "मी केक पण भाजले."

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे आता नाही? अरेरे. आणि बाई, तुम्ही?"

"मी सुया टोचल्या," नर्सबाई म्हणाल्या.

"तुमचंही काम गेलं?"

"मी पुष्कळ माणसं वाचवली," नर्सबाईंनी भर घातली, आणि साहेबांनी खिशातून रुमाल काढला. क्रेनवाल्याकडे ते वळले तेव्हा त्यांचा आवाज आणखी खाली गेला होता. क्रेनवाला आधीच बुजरा. तो छताकडे बघत म्हणाला, "मी वर होतो. मग मी खाली आलो."

साहेबांनी मान हलवली. माणूस कसा वरून खाली येतो हे त्यांना समजत होतं.

राहिले आजोबा. आजोबा उत्साहात होते. रात्रभर पाठ केलं होतं त्यांनी. छाती काढून, मागे रेलून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "मी आजोबा होतो! मला एक नात होती!"

साहेबांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. मी खिडकीजवळच्या स्टुलावर हसू दाबत होतो की रडू, ते माझं मलाच कळेना. ताई पुढे झाल्या. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात साहेबांनी हात वर केला.

"बाई, तुम्ही फार भल्या आहात. या दुःखी लोकांना तुम्ही संध्याकाळी आसरा देता. पण हे शिकवणं झालं का? यांना उद्याबद्दल एक वाक्य तरी बोलता येतं? एक तरी?" ते चौघांना म्हणाले, "सांगा बरं, उद्या तुम्ही काय कराल?"

खोलीत वाफ तेवढी हलत होती. चौघांचे डोळे त्या मागे रेललेल्या खुर्चीवर खिळले होते. बेकरीवाल्याने पुढे झुकायला बघितलं, ताईंचं बजावणं आठवलं, आणि तो मध्येच अडकून 'मी पाव... मी पाव...' करत राहिला. मला डोळ्यांसमोर माझं घर दिसलं. संध्याकाळची वेळ. ताई समोर. मी मीठ मागतोय, पूर्ण वाक्यात.

ताईंनी सुस्कारा सोडला. "यांना सगळं येतं, साहेब. काल मीच त्यांना उद्याबद्दल बोलू नका म्हणून सांगितलं. आमचं क्रियापद अडकलंय."

"क्रियापद अडकतं?"

"आमचं अडकतं. आमच्या जावईबापूंनी अडकवलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शक्य तितका अव्यय झालो.

साहेब उठले, खुर्चीजवळ गेले. डोळे पुसल्यावर ते एकदम वेगळेच दिसायला लागले. "लहानपणी मी सायकली दुरुस्त करायचो," ते म्हणाले, आणि मी "साहेब, नको!" असं अर्धंच वाक्य बोलेपर्यंत ते खुर्चीत बसलेदेखील.

खुर्चीने त्यांना गिळलं. दुसरा शब्द नाही. डोकं खाली, पाय वर, फाईल एकीकडे, चष्मा कपाळावर. मी मदतीला धावलो आणि नको तिथे हात लावला, त्यामुळे ते गरागरा फिरायलाही लागले. एकदा फळा, एकदा खिडकी, एकदा नर्सबाई असं जग त्यांच्यासमोरून जात होतं आणि दर फेरीला ते "अहो!" एवढंच म्हणत होते.

"जावईबापू, स्टुलावर!" ताई गरजल्या. मी गेलो.

आणि मग क्रेनवाला उठला. जमिनीवर या माणसाला मी कधी ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. पण काहीतरी अवजड उचलायचंय हे दिसल्याबरोबर त्याचे खांदे रुंद झाले. त्याने खुर्ची पायाने थांबवली, साहेबांना डोक्यापासून बुटांपर्यंत लोखंडाच्या तुळईसारखं निरखलं आणि म्हणाला, "पाय."

"नुसतं 'पाय' काय?" ताई म्हणाल्या. "पूर्ण वाक्य बोला."

"बाई, साहेब उलटे आहेत!"

"हे छान वाक्य आहे. आता पायांचं सांगा."

क्रेनवाल्याने घाम पुसला. "बेकरीवाले, तुम्ही साहेबांचे पाय धरा. नर्सबाई, तुम्ही डोकं सांभाळा. आजोबा मोजतील. मी साहेबांना ओढीन."

"आणि मी काय करू?" खुर्चीतून साहेबांनी विचारलं.

"तुम्ही काही करू नका," ताई म्हणाल्या. "तुम्ही कर्म आहात."

"तुमचा चष्मा पडेल," नर्सबाईंनी तो काढून स्वतःच्या केसांत खोचला. "साहेब, मान सैल सोडा. दुखणार नाही. थोडं दुखेल."

"मी यांचे पाय सोडणार नाही," बेकरीवाला म्हणाला, आणि मग, आपण काय बोललो हे ऐकून, त्याने ताईंकडे वळून बघितलं. "बाई! मी 'सोडणार नाही' म्हणालो!"

"ऐकलं मी. पाय सोडू नका."

हात गुंतलेले, तेव्हा रेलायला, झुकायला कुणाची कंबर मोकळीच नव्हती. चौघंही ताठ उभे राहून बोलत होते. उद्याचं, आत्ताचं, कालचं, ज्याला जे लागेल ते. आजोबांचा तर बांध फुटला होता. ते साहेबांवर बोट रोखून मोजायचं सोडून ओरडत होते, "किती वेळा सांगितलं, खुर्चीवर उड्या मारू नकोस! आता पडशील! मग रडशील!" ही सगळी नातीसाठी साठवलेली वाक्यं होती. साहेब उलट्या तोंडाने "नाही मारणार" म्हणत होते.

"आजोबा, मोजा!" क्रेनवाला ओरडला.

आजोबांनी मोजलं. क्रेनवाल्याने हिसका दिला. खिटी सुटली, खुर्ची खाडकन उठली, सरळ झाली, पण तेवढ्यावर थांबली नाही. वर्तमानकाळाला रामराम करून ती थेट भविष्यात झुकली आणि साहेब हवेतून निघाले ते बेकरीवाल्याच्या पोटात जाऊन बसले. तिथे ते हळूच आत गेले आणि हळूच वर आले.

नर्सबाईंनी त्यांची नाडी बघितली, चष्मा परत दिला. बेकरीवाल्याने त्यांना उचलून कर्त्याच्या खुर्चीवर ठेवलं. साहेबांनी घसा खाकरला. त्या खुर्चीचा गुणच तो.

"बाई," ते म्हणाले, "ही खोली..."

सगळे थांबले.

"...कचेरीच्या जुन्या कपाटांसाठी..."

बेकरीवाल्याने माझा हात धरला.

"...येत्या महिन्यापासून..." इथे साहेबांना ठसका लागला. ते खोकत राहिले. आमच्या भाषेत सगळा निकाल वाक्याच्या शेपटाला बांधलेला असतो हे मला माहीत होतं, पण ते शेपूट मानेला फास लावून असं ओढतं हे त्या दिवशी कळलं. नर्सबाईंनी पाणी दिलं. साहेब प्यायले. खिशातून रुमाल काढला. घडी उलगडली.

"क्रियापद, साहेब!" ताई ओरडल्या.

"...मिळणार नाही," साहेब म्हणाले. "कपाटं राहू दे जिथे आहेत तिथे. नोकरीत लागल्यापासून माझ्याशी कुणी इतक्या पूर्ण वाक्यांत बोललेलं नाही, बाई. सगळे नुसते 'हो साहेब, बरं साहेब'. आणि मला तर इतक्या आपुलकीने कुणी रागावलंही नव्हतं." त्यांनी आजोबांना नमस्कार केला. आजोबांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा खुर्चीवर चढायचं नाही असं बजावलं.

साहेब गेल्यावर ताई फळ्याकडे तोंड करून बराच वेळ काहीही लिहिलेलं नसलेला फळा पुसत राहिल्या. मग वळून त्या म्हणाल्या, "चहा." एकच शब्द. बायको खाली लाँड्रीत चहा करायला धावली.

खुर्ची आता भविष्यकाळात अडकली आहे. सलूनवाला म्हणतो, हिला आणखी हिसका नको. त्यामुळे हल्ली बेकरीत गेलं की बेकरीवाला काउंटरवरून नाकाला नाक लागेल इतका झुकतो आणि "पाव मिळतील!" असं आश्वासन देतो, पाव समोर असले तरीही. आजोबांची नात म्हणे त्यांच्या रागावण्याला पोट धरून हसते, आणि आजोबा तेवढ्यासाठी रोज नवीन रागावणं शिकायला येतात. ताई आमच्याकडे राहायला आल्या नाहीत. रविवारी मात्र जेवायला येतात.

परवा अशाच आल्या होत्या. बायको आत ताटं घेत होती. मी संधी साधली.

"ताई, खरं सांगा, मी ती खुर्ची मोडली नसती तर साहेब तिच्यात बसले असते का? उलटे झाले असते का? म्हणजे वर्ग वाचला तो एका अर्थी माझ्यामुळेच. आता तरी मला त्या स्टुलावरून उठवा. मला क्रियापद कधी करणार तुम्ही?"

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही काहीतरी कराल, तेव्हा करीन."